सोनेरी माशाच्या मिशा

माझ्या लग्नासाठी पहिला फोटो काढला तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि फोटोतली मुलगी माझ्यापेक्षा बरीच गोरी होती. दुसऱ्या फोटोत ती आणखी उजळली. तिसरा फोटो माशांबरोबर काढायचं ठरलं, आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

आधी चेहऱ्याचं सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. सहाव्या वर्षी मला देवी आल्या. जीव वाचला, वण राहिले. डाव्या गालावर दाट, उजव्यावर विरळ, आणि नाकाच्या शेंड्याजवळ एक एकटाच. आमच्या डोणगावात तेव्हा माझ्यासारख्या कितीतरी जणी होत्या, त्यामुळे मला स्वतःला त्याचं फार वाटत नसे. मेहकरच्या फोटोवाल्याला मात्र वाटे. तो निगेटिव्ह उजेडासमोर धरून बारीक टोकाच्या पेन्सिलीनं एकेक वण बुजवत असे. याला तो ‘टचिंग’ म्हणायचा आणि हे काम तो इतक्या मायेनं करी, की त्याच्या दुकानात लावलेल्या फोटोंमधली तालुक्यातली झाडून सारी माणसं एकाच आईच्या पोटची वाटत.

त्या टच केलेल्या फोटोवर भाळून दोन ठिकाणचे लोक मला बघायला आले. दोन्ही वेळा तेच झालं. मी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आले, बघणाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, खिशातल्या फोटोकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि मग पोह्यांकडे फार लक्ष देऊन पाहिलं. पोहे मात्र दोघांनीही संपवले. पुढे कधीतरी पोस्टकार्ड आलं, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळवून झाली होती, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक होतं आणि वाचणाऱ्यालाही.

मला लग्नाची घाई नव्हती. नको होतं असंही नाही. मला एवढंच हवं होतं, की जो कोणी येईल त्यानं हा चेहरा आधी पाहिलेला असावा. उंबरठ्यातून आत आल्यावर त्याच्या तोंडावरचा रंग जसा बदलतो, तो मला तिसऱ्यांदा बघायचा नव्हता. हे मी आईला एकदा सांगितलं. आई म्हणाली, “पाह्यल्यावर आवडते माणूस, बाई. पयले पाहाले तं आलं पाहिजे.” तिचं म्हणणं अगदीच चूक होतं असं नाही. फक्त आवडण्याचा भाग काही केल्या येत नव्हता.

तिसरं स्थळ मामांनी आणलं. मामा बीबी गावचे. त्यांना शेतीपेक्षा लग्नं जुळवण्यात जास्त गती होती. मुलगा जळगाव जामोदचा, बीएस्सी झालेला, आणि सरकारी नोकरीत. “कोनत्या खात्यात?” माझ्या वडिलांनी, आबांनी विचारलं. मामांनी चहाचा एक घोट जास्तीचा घेतला आणि सांगितलं, “मासे खात्यात.”

आबा माळकरी. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात उंबऱ्याबाहेर राहायचा. पण नवं राज्य झालं होतं, जिल्हा परिषद नवी होती, रोज कुठलं तरी नवं खातं निघत होतं आणि त्या प्रत्येक खात्याला पगार होता. मामा म्हणाले, “दाजी, तो काई मासे खात नाई. धरणात मासे सोडते. लहान पिल्लं आनून सोडते अन् मोजते.”

“सोडते म्हंता?”

“सोडते.”

आबांनी विचार केला. सोडणं म्हणजे जीवदानच. अशा रीतीनं मासे खातं आमच्या घरात शुद्ध होऊन आलं. मग मामांना कल्पना सुचली, की मुलगा माशांचा, तर मुलीचा फोटोही माशांपाशीच काढावा.

गावात मासे होते फक्त डॉक्टरांकडे. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आणि त्यांची बायको कोकणातले. डॉक्टरीणबाईंनी बदली होऊन येताना माशांची एक काचेची पेटी मांडीवर घेऊन बसचा सगळा प्रवास केला होता असं गावात सांगत. पेटी त्यांच्या पुढच्या खोलीत, खिडकीखाली स्टुलावर होती. त्यात एक सोनेरी मासा आणि चार-पाच बारके काळे. आबा पहिल्यांदा गेले तेव्हा बराच वेळ पेटीकडे बघत राहिले आणि शेवटी त्यांनी विचारलं, “हे खायाचे का पाहायाचे?”

“हे बघायचे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “खायचे वेगळे. ते इथे मिळत नाहीत, तेच तर दुःख आहे.”

मेहकरहून फोटोवाला आला. तिपाई, कॅमेरा, आणि डोक्याला लावायचं तेल. माणसांना बसवण्यात तो वाकबगार होता. हनुवटी जरा खाली, डोळे इकडे, श्वास धरा, हलू नका. मला त्यानं पेटीशेजारी खुर्चीवर बसवलं, पदर सारखा करायला सांगितला आणि माशाला म्हणाला, “हलू नका.” हे त्याच्या तोंडून सवयीनं गेलं. मासा दुसऱ्या टोकाला निघून गेला.

पहिला फोटो त्यानं फ्लॅशचा बल्ब फोडून काढला. काचेतून असा काही लखलखाट परत आला, की मलाही थोडा वेळ खोलीत हिरवे ठिपके दिसत राहिले. बारके मासे दगडाखाली गेले ते गेलेच. मग त्यानं फ्लॅश ठेवून दिला आणि खिडकीच्या उजेडात काढायचं ठरवलं. आता काचेत खोली दिसू लागली. डोळा लावून तो म्हणाला, “याच्यात तं मीच दिसून राह्यलो.” खरंच, माशांच्या मधोमध त्याचं पोट आणि तिपाई तरंगत होती. आबांनी अंगावरचं काळं घोंगडं काढून दिलं. ते फोटोवाल्याच्या पाठीमागे दोरीवर टाकलं तेव्हा कुठे काच काळी झाली आणि पाणी दिसायला लागलं. मासे मात्र घोंगडं बघून आणखी लांब गेले.

खिडकीच्या उजेडात कॅमेऱ्याचं झाकण जरा जास्त वेळ उघडं ठेवावं लागे. तेवढ्यात मासा एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊन परतही येई. फोटोवाला घामाघूम झाला. त्यानं लग्नं काढली होती, बारशी काढली होती, तिरडीवरची माणसं काढली होती. त्याच्या मते सगळ्यात चांगले बसायचे ते शेवटचे. आबांनी त्याला गप्प केलं.

शेवटी मला राग आला. सकाळपासून नऊवारीत, केसांत अबोलीचा गजरा घालून, एका माशाच्या मर्जीची वाट बघत मी बसले होते. मी म्हटलं, “एखादी काच आडवी लावा ना मंधात. मंग जाईन कुठं तो?” सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुलीनं फोटो काढून घ्यायचा असतो, त्यात बोलायचं नसतं. पण डॉक्टरीणबाईंना पटलं. त्यांनी भिंतीवरून डॉक्टरांची पदवी उतरवली, मागचे बारीक खिळे उपटले, काच काढून धुतली. पदवीचा कागद टेबलावर कुकरखाली ठेवला. मी बाह्या वर केल्या, ती काच पाण्यात सोडली आणि हळूहळू पुढे ढकलत सोनेरी माशाला पुढच्या काचेजवळच्या चिंचोळ्या जागेत आणलं. मी माशाशी काहीतरी बोलत होते. बहुतेक ये बाबा, थांब बाबा असलंच. फोटोवाल्यानं मासा थांबतो का ते बघायला म्हणून तेवढ्यात एक फोटो काढला. माशानं नेमकी पाठ फिरवली.

“गेला वाया,” फोटोवाला म्हणाला. “बाई, तुमी आता बसा खुर्चीवर. काच डॉक्टरीणबाई धरतीन.”

मी हात पुसून बसले. हनुवटी खाली, डोळे इकडे. डॉक्टरीणबाई पेटीमागे वाकून काच धरून राहिल्या. मासा समोर आला आणि ऐन वेळी त्यानं शेपूट हलवलं. रोल संपला.

निघताना मी फोटोवाल्याला बाजूला घेऊन म्हटलं, “यावेळी वन राहू द्या.” तो मनापासून दुखावला. “टचिंगबिगर फोटो म्हंजे बिनफोडनीचं वरन हो,” तो म्हणाला. “अन् तुमच्या वडलाईले काय सांगू?”

फोटो आला. गालावर एक वण नव्हता, नाकाजवळचासुद्धा नाही. मी अशी गुळगुळीत दिसत होते, जणू कधी कुठल्या तापानं मला शिवलंच नव्हतं. मासा नुसता पांढरट पट्टा आला असणार, कारण फोटोवाल्यानं तो चक्क ब्रशनं काढला होता. आणि माणूस मनापासून काम करणारा, पैनगंगेच्या काठी वाढलेला. त्यानं मासा म्हणून जो पाहिला होता तो नदीतला मिशाळ शिंगाळा. शिवाय पुरुषांच्या फोटोत मिशा गडद करायचा त्याचा हात बसलेला. त्यानं सोनेरी माशाला दोन्ही बाजूंना ऐटदार मिशा काढल्या होत्या. आम्हाला कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. आई म्हणाली, “मासा बाकी झोकदार आला.”

मामांनी फोटो जळगाव जामोदला पाठवला आणि सोबत लिहिलं, की मुलीस मत्स्यांची लहानपणापासून आवड आहे. तिकडून मुलाचाही फोटो आला. मागे वळवलेले दाट केस, कपाळावर एक कोंबडा, सरकारी चेहरा. आईनं तो देवाजवळ ठेवला. मी आईचं लक्ष नसताना दोन-तीनदा बघितला.

मग पाकीट आलं. पोस्टकार्ड नाही, हे बघून आधी सगळ्यांना बरं वाटलं. आबांनी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पत्र मुलानं स्वतः लिहिलं होतं. साष्टांग नमस्कार, आपण पाठवलेला फोटो पावला. फोटोतील मासा गोल्डफिश जातीचा दिसतो. या जातीच्या माशाला मिशा नसतात. तेव्हा त्या लावलेल्या आहेत हे उघड आहे. माशाला जे नाही ते लावले असेल, तर मुलीचे जे आहे ते काढलेही असेल, अशी शंका येते. गैरसमज नसावा.

पत्र घडी करून आबांनी मांडीखाली ठेवलं आणि गळ्यातल्या माळेला हात लावला. आबांना आयुष्यात कोणी खोटं म्हटलं नव्हतं. “मी माळ घालून लबाडी केली म्हंते तो,” ते म्हणाले. मामा समजूत घालायला लागले, की फोटोवाल्याची चूक, आपण काय करणार. आबा ऐकेनात. सकाळी पहिल्या गाडीनं मेहकरला जायचं, आणि पोरीलाही घेऊन जायचं.

मी आत जाऊन बसले. मला दोन गोष्टी एकदम झाल्या होत्या. एक म्हणजे आनंद. कुठल्या तरी गावातल्या एका माणसानं तो फोटो डोळे उघडे ठेवून पाहिला होता, आणि त्याला विचारावंसं वाटलं होतं की यातली खरी कोणती. दुसरा राग, आणि तो आबांवर. दोन वर्षं माझ्या गालांवर पेन्सिल फिरत होती तेव्हा त्यांच्या माळेला काही झालं नाही. माशाला मिशा फुटल्या आणि माळ पेटून उठली. हा राग पुढे बरीच वर्षं माझ्याजवळ होता. आबा गेले तेव्हाही तो थोडा शिल्लक होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

दुकानात आबांनी मिशांवर बोट ठेवलं. फोटोवाला गोंधळला. “मासा हाय, मिशा तं राह्यतीनच,” तो म्हणाला. त्याला खोटं बोलल्याची जाणीवही नव्हती. आबा म्हणाले, “ज्याले तुह्या पेन्शिलीचा हात लागला नाई असा फोटो दे.” फोटोवाल्यानं रोलच्या पट्ट्या काढून खिडकीच्या काचेला लावल्या. निगेटिव्हमध्ये गोरं काळं दिसतं आणि काळं गोरं. आबांना त्यातलं काही उमजेना. त्यांनी त्या पट्ट्यांकडे पाहिलं आणि मग, घरी कधी न केलेली गोष्ट केली. मला म्हणाले, “तू पाहाय.”

मी पाहिलं. मी काच पाण्यात धरून वाकले होते तो फोटो मला लगेच सापडला. बाह्या वर, हात कोपरापर्यंत ओला, गजरा कानावर घसरलेला, तोंड बोलता बोलता अर्धं उघडं. उजेड डाव्या गालावर आडवा पडला होता, त्यामुळे एकूण एक वण मोजता आला असता. मासा पाठमोरा, पण मासाच.

“हाच,” मी म्हटलं.

“याच्यात तं तू हात बुचकळून राह्यली.”

“हाच.”

फोटोवाल्यानं फोटो धुऊन दिला, पण मागे आपल्या दुकानाचा शिक्का मारायला साफ नकार दिला. आबांनी तो पाकिटात घातला. चिठ्ठीत एकच ओळ लिहिली, मासा व मुलगी दोन्ही जशी आहेत तशी.

दहा-बारा दिवसांनी पत्र आलं, येतो आहोत. मुलगा, त्याची आई आणि एक काका. दुपारच्या गाडीनं आले. मी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आले आणि मुद्दाम मान वर ठेवली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. तोंडावरचा रंग बदलला नाही. त्यानं खिशात हात घातला नाही, फोटो काढला नाही. एवढंच झालं. मी ताट नीट खाली ठेवलं.

मग नेहमीचं सुरू झालं. त्याच्या आईनं मला चालायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावला. जवळ बोलावून गालावरून बोट फिरवलं, जसं बाजारात कापड बघतात. “फोटूत दिसते तेवढेच हायेत,” त्या काकांना म्हणाल्या. आमच्याकडे हा कौतुकाचा शेरा होता. मग म्हणाल्या, “वेनी सोड बाई. आजकाल गंगावन लावतेत पोरी.” मी वेणी सोडली. त्यांनी केस मुळापासून ओढून पाहिले. माझेच होते.

एवढ्यात माझ्या लक्षात आलं, की मुलगा आल्यापासून टोपी घालून बसला आहे. वैशाखाचे दिवस, ओसरीवर वारा नाही, त्याच्या कानामागून घाम ओघळत होता. आबांनी दोनदा म्हटलं होतं, टोपी काढून आरामशीर बसा. तो बरं म्हणाला होता, आणि टोपी होती तिथेच होती. देवाजवळच्या फोटोतला कोंबडा मला आठवला.

केस मोकळे घेऊन मी तशीच उभी होते. म्हटलं, “त्याईले टोपी काढाले सांगा.”

आई माजघरातून खोकली. मामांनी जमिनीकडे पाहिलं. त्यानं मात्र क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. कपाळापासून टाळूपर्यंत स्वच्छ होतं. कानांवर तेवढी दोन बोटं झालर.

“आमच्याकडच्या फोटोवाल्यानं आपल्या मनानं लावले,” तो म्हणाला. “मी त्याले नको म्हटलं होतं.” थोडं थांबून म्हणाला, “एकदा म्हटलं होतं.” त्याचे कान लाल झाले होते.

त्याची आई लगेच म्हणाली, “मानसाले केसाचं काय करा लागते? पगार हाय.”

हे वाक्य तिथे इतकं सहज पडलं, की दुसऱ्या कुठल्या दिवशी ते तसंच जिरलंही असतं. पण त्या दिवशी आबांचा हात पुन्हा माळेकडे गेला. ते माझ्या मोकळ्या केसांकडे बघत होते, मग त्याच्या डोक्याकडे, मग माझ्या गालांकडे. माझ्या गालांकडे आबा असं नीट कधी बघत नसत. चार माणसांसमोर, बाहेरच्या लोकांच्या देखत, त्यांनी मला विचारलं, “तुले चालते का, बाई?”

हा प्रश्न आमच्या घरात त्याआधी कोणत्याही मुलीला विचारलेला नव्हता. माझ्या आत्याला नाही, आईला नाही. मला रडू येईल असं वाटलं आणि त्याचा मला फार राग आला. उत्तर माझ्याजवळ तयार होतं. ताट खाली ठेवलं तेव्हापासून तयार होतं. टक्कल काही मोठी गोष्ट नव्हती, आणि ‘एकदा म्हटलं होतं’ असं खरं सांगणारा माणूस मला तोपर्यंत भेटला नव्हता.

मी केस गुंडाळले, अंबाडा बांधला आणि म्हटलं, “उद्या सांगीन.”

काकांनी घड्याळाकडे पाहिलं. परतीची गाडी अर्ध्या तासात होती आणि त्यानंतर सकाळपर्यंत दुसरी नव्हती. आबांनी मामांना पाहुण्यांची पिशवी आत ठेवायला सांगितली, आणि आईनं तीन माणसांचं पीठ जास्तीचं मळायला घेतलं. मुलाकडची माणसं आमच्या ओसरीवर, आमच्या सतरंज्यांवर, माझ्या उत्तराची वाट बघत मुक्कामाला राहिली. मला मात्र त्या रात्री गाढ झोप लागली.